सुरतेचा सट्टा: पेढीवरून मैदानावर

पैज आणि खेळ यांची सांगड सर्वत्र एकाच क्रमाने पडली, असे गृहीत धरण्याचा मोह क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांना होतो. परंतु अमेरिकेतील बेसबॉल आणि पश्चिम भारतातील क्रिकेट यांची तुलना केली असता हे गृहीत टिकत नाही. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल संघ आणि त्यांच्यावर पैसा लावणारे एकाच पिढीत वाढले. सुरत–मुंबईच्या पट्ट्यात मात्र पैजेची परंपरा, तिची भावपद्धती, तिचे दलाल आणि तिच्याविरुद्धचे कायदे हे सारे खेळाच्या आधी तयार झाले आणि क्रिकेट त्यात फार उशिरा, बहुधा विसाव्या शतकाच्या अखेरीस, येऊन पडले. या क्रमभेदाचे परिणाम आजच्या न्यायनिवाड्यांतही दिसतात, आणि म्हणून त्याचा शोध सुरतेच्या पेढीपासून घेणे युक्त ठरते.

सतराव्या शतकातील सुरत हे मोगल साम्राज्याचे पहिले बंदर होते. वीरजी वोरा यांच्यासारखे सराफ इंग्रज आणि डच वखारींना कर्ज देत आणि शहराचा बहुतेक पैसा समुद्रावर तरंगत असे. हुंडी, म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी उचलण्याची चिठ्ठी, आणि जहाजाचा विमा यांच्या जोडीला येथे जोखमीच्या कर्जाचा एक प्रकार रूढ होता. त्यात सावकार प्रवासापुरते पैसे देई, जहाज सुखरूप परतल्यास मोठ्या व्याजासह वसूल करी आणि जहाज बुडाल्यास मुद्दलावर पाणी सोडी. याला जुगार म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याशिवाय मोखा किंवा बसऱ्याचा व्यापार उभाच राहिला नसता. तथापि अनिश्चित घटनेला किंमत लावण्याचे, ती किंमत रोज बदलण्याचे आणि तोंडी शब्दावर व्यवहार पुरा करण्याचे शिक्षण या शहराला तेथूनच मिळाले. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांनी शहर हादरले आणि पुढे व्यापार मुंबईकडे सरकला. पण त्याबरोबर सुरतेचे सराफ, दलाल आणि त्यांचे रिवाजही मुंबईला गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या पेढ्यांवर सर्वांत जोरात चालणारी पैज अफूच्या भावावर होती. कलकत्त्याला सरकारी लिलावात पाटण्याची अफू काय दराने जाईल, यावर मुंबईत सौदे होत, आणि त्यांतील बहुतेक सौद्यांत अफूची एक पेटीही हात बदलत नसे; ठरलेला दर आणि प्रत्यक्ष दर यांतील फरक तेवढा दिला-घेतला जाई. अशा फरकाच्या व्यवहारालाच सट्टा म्हणतात. रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सूजमल धोंडमल या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८४८ साली असा सौदा कायद्याने वसूल करता येतो असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी सरकारने एकविसावा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले. पैजेवर बंदी मात्र घातली गेली नाही. हरलेल्याकडून पैसे काढून देण्यास न्यायालयाने नकार द्यावा, एवढीच ती व्यवस्था होती. व्यापाऱ्यांना न्यायालयाची फारशी गरज नव्हती, कारण देणे चुकवणाऱ्याशी बाजारात पुन्हा कोणी व्यवहार करत नसे.

त्यानंतर आला कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला, ज्याला तेथील गिरणीवाले सरसकट ‘सुरत’ म्हणून ओळखत व नाके मुरडत, अचानक सोन्याचा भाव आला. या काळात मुंबईच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा ठरलेले प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेतच झाला होता. बॅक बे भरणीच्या कंपनीपासून कागदावरच्या बँकांपर्यंत सर्वत्र त्यांचा हात होता, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ रोजी, वायद्याच्या फेडीच्या दिवशी, सारा डोलारा कोसळला. पैजेच्या सौद्यांना जोडून केलेले दलालीचे आणि हमीचे करारही निरर्थक ठरवणारा मुंबई इलाख्याचा तिसरा कायदा त्याच वर्षीचा आहे.

योगायोग असा की बेसबॉलचा ज्ञात असा पहिला कलंकही १८६५ चाच आहे. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाच्या तीन खेळाडूंनी त्या सप्टेंबरात पैसे घेऊन सामना सोडल्याचे उघड झाले. खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, १८६९ चा. म्हणजे पगारपत्रकाच्या आधी लाच आली होती. नॅशनल लीग १८७६ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी लुईव्हिल ग्रेज संघाच्या चार खेळाडूंना तिने आजन्म हाकलले. ज्या युद्धाने सुरतेच्या कापसाला भाव दिला, त्याच युद्धाच्या छावण्यांतून बेसबॉलचा प्रसारही झाला होता. पण अमेरिकन लीगला आरंभापासून आपल्याच खेळाडूकडे संशयाने पाहावे लागले, तर मुंबई इलाख्याच्या कायदेकर्त्यांना संशय होता तो पेढीचा आणि गल्लीचा.

१८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची सारी रचना या संशयावर उभी आहे. त्याचा मध्यवर्ती शब्द ‘जुगारअड्डा’ हा आहे आणि शिक्षा अड्डा चालवणाऱ्याला, तेथे सापडणाऱ्याला आणि रस्त्यावर जुगार खेळणाऱ्याला आहे. हा कायदा अमलात येतो न येतो तोच पावसाने त्याची परीक्षा घेतली. मुंबईत पावसाळ्यात ढगांवर पैजा चालत: ठरलेल्या वेळेत छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, एवढाच प्रश्न, पण त्याचा भाव आकाशाच्या रंगाबरोबर घटकेघटकेला बदले. मुंबई उच्च न्यायालयाने १८८९ साली नरोत्तमदास मोतीराम यांच्या खटल्यात अशी पैज या कायद्याच्या व्याख्येत बसत नसल्याचे ठरवले, तेव्हा १८९० च्या दुरुस्तीने व्याख्येत पैजेचा समावेश करण्यात आला. पुढील दुरुस्त्यांनंतर अड्ड्याच्या व्याख्येत जी यादी तयार झाली ती वाचण्यासारखी आहे: कापूस, अफू किंवा अन्य मालाचा बाजारभाव, त्या भावातील आकडे, रोखे व समभागांचे दर, पाऊस पडणे किंवा न पडणे, पावसाचे मान. घोड्यांच्या शर्यतीला परवान्याच्या आवारात मोकळीक देण्यात आली, साहेबाचा आणि सरदारांचा तो शौक होता. या यादीत चेंडूफळीच्या खेळाचे नावही नाही. क्रिकेटवरची पैज पकडायची तर ती व्याख्येतील सर्वसाधारण शब्दांखालीच पकडावी लागते. गुजरात राज्य १९६० मध्ये वेगळे झाले तेव्हा हाच कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला, आणि सुरतेतील छाप्याला व धुळ्यातील छाप्याला त्यामुळे आजही एकाच मूळ कलमांचा आधार आहे.

यादीतील ‘भावातील आकडे’ हा प्रकार दीर्घकाळ टिकला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईत येई आणि त्याच्या आकड्यांवर गिरणगावापासून सुरतेपर्यंत पैसे लावले जात. कापसाशी लावणाऱ्याचा संबंध उरला नव्हता. न्यूयॉर्कचे आकडे १९६१ मध्ये बंद झाले, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीला आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्याची सोय केली. मटका तो हाच. सुरतेतील गुजराती वृत्तपत्रे पोलीस छाप्यांच्या बातम्यांत अजूनही ‘वरली मटका’ असेच छापतात.

खेळाची बाजू याच्या तुलनेत साधी आहे. सुरतेतून कसोटी क्रिकेटला मिळालेले मोठे नाव रुसी सुर्ती यांचे. २५ मे १९३६ रोजी सुरतेत जन्मलेल्या या डावखुऱ्या अष्टपैलू खेळाडूने २६ कसोटींत १,२६३ धावा आणि ४२ बळी मिळवले, १९६८ मध्ये ऑकलंडला त्यांचे शतक एका धावेने हुकले, आणि त्यानंतर ते क्वीन्सलँडकडून ऑस्ट्रेलियाच्या शेफील्ड शील्ड स्पर्धेत खेळले. भारतात त्या काळी खेळावर पोट भरत नसे. संस्थानिकांचा आश्रय, रेल्वेची किंवा बँकेची नोकरी, नाहीतर परदेशी क्लबाचा करार, एवढेच मार्ग होते. आणि परदेशी करार मिळे तो बहुधा लँकेशायर लीगमध्ये, ज्या गिरणीगावांनी एकेकाळी नाइलाजाने ‘सुरत’ विणली होती त्याच गावांत. तेथे प्रत्येक क्लबाला एक पगारी खेळाडू ठेवता येई. विजय हजारे रॉटनस्टॉलला, विनू मंकड हॅस्लिंग्डनला अशा करारावर होते, आणि १९५२ मध्ये मंकड यांना लॉर्ड्सवर खेळवण्यासाठी भारतीय क्रिकेट मंडळाला हॅस्लिंग्डनकडून त्यांना सोडवून घ्यावे लागले. मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा काढून त्याचे उत्तर दिले.

सुरतेला आजही स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर २०१९ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांचे ट्वेंटी-२० सामने झाले, २०२२ च्या आयपीएलपूर्वी चेन्नई सुपर किंग्जने तेथे सराव केला, २०२३ च्या डिसेंबरात निवृत्त खेळाडूंच्या लीजेंड्स लीगचा अंतिम सामना झाला. यजमानपणापलीकडे शहराचा वाटा गेला नाही. खेळ वाढला तो यंत्रमागांच्या वस्त्यांत. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातून सुरत–भुसावळ रेल्वे झाली आणि नंदुरबार, अमळनेर, जळगावकडील खानदेशी माणूस कामासाठी याच मार्गाने आला. लिंबायत, उधना, दिंडोली येथे मराठी बोलणाऱ्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या आणि महापालिकेच्या मराठी शाळा उभ्या राहिल्या. मागाच्या सुट्टीच्या दिवशी तेथे टेनिस चेंडूवर चालणारे क्रिकेट हा सुरतेच्या क्रीडाजीवनाचा, स्टेडियमपेक्षाही, खरा भाग आहे.

मैदानावर सट्टा उतरला तो दूरचित्रवाणीबरोबर. १९८३ च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय सामने घरोघर दिसू लागले आणि जुन्या बाजाराला रोज नवा ‘माल’ मिळाला. व्यवहाराची रीत मात्र जुनीच राहिली. बुकी, म्हणजे पैजा घेणारा, आवडत्या संघाचा दुहेरी भाव सांगतो: ‘चाळीस–बेचाळीस’. पहिल्या आकड्यावर गिऱ्हाईक ‘लगाई’ करते, म्हणजे तो संघ जिंकेल म्हणून रुपया लावते आणि जिंकल्यास चाळीस पैसे मिळवते; दुसऱ्या आकड्यावर ‘खाई’ करते, म्हणजे तो संघ हरेल म्हणून बेचाळीस पैसे पणाला लावते आणि हरल्यास रुपया मिळवते. मधले दोन पैसे बुकीचे. विकेट पडली की भाव हलतो, आणि हुशार गिऱ्हाईक सामना संपण्याच्या आधीच दोन्ही बाजूंचे सौदे करून निकाल काहीही लागो, नफा बांधून घेते. ही दलालपेठेची विद्या आहे. अमेरिकन बेसबॉलच्या बुकीने ती खेळातून शिकून घेतली, सुरत–मुंबईच्या बुकीला ती वारशाने मिळाली. आयपीएल आल्यावर षटकाषटकावरील ‘सेशन’ची पैज मुख्य झाली, आणि तिच्याबरोबर एखाद्या खेळाडूला केवळ एका षटकापुरते विकत घेण्याचा मोहही.

याच ठिकाणी दोन परंपरांचा फरक उघडा पडतो. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर सिनसिनाटीकडून मुद्दाम हरल्याचा आरोप आला. ज्युरीने ऑगस्ट १९२१ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त, न्यायाधीश केनेसॉ लँडिस, यांनी आठहीजणांना कायमचे बाद केले. निवाडा अतिरेकी होता, निदान शूलेस जो जॅक्सनच्या बाबतीत तो आजही वादग्रस्त आहे. परंतु न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहणारी खेळाची स्वतःची शिस्त त्यातून उभी राहिली. स्वतःच्या सामन्यावर पैज लावणारा खेळाडू कायमचा बाद, हा नियम पुढे लेखी झाला आणि १९८९ मध्ये पीट रोझसारख्या विक्रमवीरालाही त्याने सोडले नाही.

भारतात २००० साली दक्षिण आफ्रिकेचे कर्णधार हॅन्सी क्रोनिए यांच्या सामनानिश्चिती प्रकरणानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली आणि मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजन्म बंदी घातली; अझरुद्दीन यांच्यावरील बंदी २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. २०१३ च्या आयपीएलमधील सामनानिश्चिती प्रकरणातील खेळाडूंना दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये आरोपमुक्त केले. त्याच वर्षी न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले व पुढच्या वर्षी पैज परवान्याखाली आणण्याची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. खेळातील लबाडी हा स्वतंत्र गुन्हा मानणारे विधेयक २०१३ मध्ये मसुद्याच्या पुढे सरकले नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, पण तो कायदाही खेळ चालवणाऱ्यावर आणि त्याच्या जाहिरातीवर रोख धरतो. म्हणजे अड्डा बदलला, दृष्टी तीच राहिली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तर सामना ठरवून हरणे ही तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४२० खालची फसवणूक होत नाही आणि अशा खेळाडूवर कारवाई मंडळाने आपल्या नियमांनुसार करावी, असे म्हटले. पावसाच्या पन्हळीखाली पैज लावणाऱ्याला सुरतेत १८९० पासून कैद होऊ शकते. पैसे घेऊन झेल सोडणाऱ्याला त्या कृत्यासाठी कैद देणारे स्वतंत्र कलम मात्र देशाच्या कायद्यात नाही.