नागनाथाच्या दारचे पाहुणे

औंढा नागनाथ देवस्थानाची वाटचाल लिहायची तर विश्वस्तांची नावे, भक्तनिवासाचे बांधकाम, उत्सवांचा जमाखर्च असा सरळ क्रम लावता येतो. स्मरणिकांमधून तसा तो लागतही असतो. पण सातशे वर्षांपलीकडच्या संस्थेचे खरे दप्तर तिच्या भिंतीतच असते, आणि ते बहुधा बाहेरचे कुणी आल्यावरच उघडते. हिंगोली-परभणीकडचा माणूस सोमवारी येतो, बेल वाहतो आणि एसटीची वेळ गाठतो. पाहुणा मात्र आवारातच थबकतो. "खाली काळा दगड आणि वर पांढरा चुना, हे असं कसं?" पाहुण्यांना देऊळ दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. उत्तर दिले की निम्मा इतिहास सांगून होतो.

खालचा काळा भाग यादवांच्या काळातला, साधारण तेराव्या शतकातला. धर्मराजाने वनवासात देऊळ बांधले ही परंपरा गावात सांगतातच; तीही पाहुण्याला सांगावी, पण भिंतीकडे बोट दाखवून यादवांचे नाव घ्यावे. भिंत सरळ नाहीच. ती कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, त्यामुळे उन्हाची तिरीप फिरेल तशी वेगवेगळी शिल्पे उजळतात. खालच्या थरांत हत्ती, घोडे, माणसे. वर देवदेवता, अर्धनारीश्वर, विष्णूचे अवतार. कैलास उचलू पाहणारा रावण दिसला की लहान मुलेसुद्धा ओळखतात. घाईच्या पाहुण्याला निदान हा रावण तरी दाखवावा.

गाभाऱ्याची तऱ्हा वेगळी आहे. सभामंडपात मोकळेपणाने वावरलेला माणूस तिथे एकदम अंग चोरतो, कारण लिंग जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते, आणि खाली छत इतके ठेंगणे की उंच माणसाला सरळ उभे राहता येत नाही. पाहुण्यांमधले वयस्कर लोक वरूनच हात जोडतात. त्यात कमीपणा काही नाही.

या देवस्थानाला सर्वांत मोठे करणारा पाहुणा जवळच्याच नरसीचा. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा मानतात आणि नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेवांचे मडके कच्चे ठरले आणि ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. इथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय उचलून जिथे देव नाही तिथे ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि नामदेव जिथे ठेवतील तिथे पिंड उभी राहिली. दुसरी कथा देऊळ फिरल्याची. कीर्तनाला समोर जागा नाकारली म्हणून नामदेव मागे जाऊन बसले आणि देवळानेच तोंड वळवले. इथे नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला स्वतंत्र आहे. गावाच्या दृष्टीने तोच या कथेचा साक्षीदार.

ही कथा आपली, असे समजून ती मी ऐटीत सांगत असे. पंजाबी पाहुणे ती आधीच जाणतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या एकात देऊळ फिरल्याचाच प्रसंग येतो. नांदेडला हुजूर साहिबचे दर्शन घेऊन हे लोक नरसीला येतात, तिथून औंढ्याला. दस्तारधारी आजोबा, मागे सलवार-कमीजमधल्या आजी, बरोबर नातवंडे. त्यांना ज्योतिर्लिंगाच्या क्रमांकात फारसा रस नसतो. ते विचारतात, "भगतजी कुठं बसले होते?" देवळाची मागची बाजू दाखवली की तिथल्या दगडाला माथा टेकवतात. गुरू नानकदेव नरसीला आणि औंढ्याला आले होते, असेही शीख परंपरा सांगते. २०१५ साली पंजाबातल्या घुमानला, नामदेवांच्या अखेरच्या काळाशी जोडलेल्या गावी, ८८वे मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना हे नाते नव्याने कळले. नागनाथाच्या दारी ते जुनेच होते. नरसीची परतवारी एकादशी आणि औंढ्याची महाशिवरात्र हे दोन्ही सण मिळून या भागाचे वर्ष पुरे होते.

आता वरच्या पांढऱ्या भागाकडे. देऊळ एकेकाळी सात मजली होते आणि औरंगजेबाच्या काळात वरचा भाग पाडला गेला, असे सांगतात. मजल्यांचा आकडा परंपरेतला आहे. मूळचे शिखर उरलेले नाही, हे मात्र कोणालाही दिसते. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या काळात जीर्णोद्धार झाला. काशी, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर या त्यांच्या कामांच्या मालिकेतलेच हे एक. नवे शिखर विटा-चुन्याचे केले. शिल्पकलेच्या अभ्यासकांना ते रुचत नाही. खालच्या कोरीव भिंतीशी त्याचा मेळ नाही, हे मलाही मान्य आहे. पण पडक्या भिंतींवर पुन्हा कळस चढला म्हणून पूजा टिकली, आणि पूजा टिकली म्हणून दगड गावकऱ्यांच्या घरांच्या पायात गेले नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी यादवकालीन देवळांच्या वाट्याला एवढेही भाग्य आले नाही.

आर्मेनिया पाहून आलेल्या एका वास्तुविशारद पाहुण्यांनी या जोडाकडे बघून तिथल्या गार्नीच्या मंदिराची गोष्ट काढली. ते ग्रीक धाटणीचे, खांबांचे मंदिर पहिल्या शतकातले मानतात. चौथ्या शतकाच्या आरंभी तो देश ख्रिस्ती झाला तरी ते उभे राहिले, शेजारी सातव्या शतकात गोल चर्च बांधले गेले, आणि १६७९च्या भूकंपात मंदिर कोसळले. १९६९ ते १९७५ या काळात पडलेले दगड जुळवून ते पुन्हा उभारले. जिथे मूळ दगड मिळाला नाही तिथे मुद्दाम साधा, नक्षी नसलेला दगड बसवला, म्हणजे जुने-नवे लपू नये. अहिल्याबाईंच्या गवंड्यांसमोर असले शास्त्र नव्हते. त्यांनी हाताशी आलेल्या विटा वापरल्या. तरी परिणाम तोच झाला: मोडले कुठे आणि सांधले कुठे, हे औंढ्यातही आवारात उभे राहून दिसते.

निजामी काळात औंढा हैदराबाद संस्थानात होते. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाच्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील ग्रंथात, १९३१ साली, औंढ्याची नोंद छापून आली आणि हे देऊळ अभ्यासकांच्या नकाशावर पक्के झाले. पुढची पाने भराभर उलटावीत. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा या छोट्या जिल्ह्याची पहिली ओळख बनले. आता दुसरी ओळख येऊ घातली आहे. औंढा तालुक्यातच गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. त्या कामामुळे देशोदेशीचे शास्त्रज्ञ या बाजूला येणार, आणि आले की देऊळ बघणारच. त्यांचे प्रश्न अवघड असतील. गावातल्या पोरांनी आतापासून तयारी करावी. चहाच्या टपरीइतकीच चांगल्या वाटाड्यालाही इथे बरकत आहे.

बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश कोणता, द्वारकेजवळचा, उत्तराखंडातल्या जागेश्वरचा की औंढ्याचा, यावर पाहुण्याशी वाद घालू नये. तो वाद सुटणारा नाही आणि औंढ्याचे मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही.

पाहुणे घेऊन याल तर महाशिवरात्रीची आणि श्रावणी सोमवारची गर्दी टाळा, सकाळी लवकर या. आधी भिंतीला हात न लावता बाहेरून फेरी घाला, मागचा नंदी दाखवा, मगच रांगेत उभे राहा. शिल्पांवर कुंकू, तेल किंवा नारळाचे पाणी टाकू नका आणि बरोबरच्यांनाही टाकू देऊ नका. हाती अर्धा दिवस असेल तर नरसीही करा.