पौर्णिमेचे वाचनालय

मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला जॉन माल्कम हे नाव नवे नाही. डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला तो होळकरांच्या फौजेशी लढला. जून १८१८मध्ये दुसरा बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांचा तनखा पदरात पाडून बिठूरला गेला. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचे नावही या मुंबईच्या गव्हर्नरावरूनच पडले. मात्र हा माणूस मूळचा कुठला, हा प्रश्न आपल्याकडे ‘स्कॉटलंडचा’ एवढ्यावर मिटतो. मी तिथून पुढे माग काढू लागलो.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस, एस्क नदीच्या खोऱ्यात बेंटपाथ हे खेडे आहे. वेस्टरकर्क पॅरिशमधले. चर्च, पूल, थोडी घरे. बाकी सगळी मेंढ्यांची कुरणे. याच पॅरिशमधल्या बर्नफूटला १७६९ साली माल्कम जन्मला, सतरा भावंडांतला एक. बाप शेतकरी, त्यात पैशाची ओढाताण. मुलगा कोवळ्या वयात, १७८३ साली, मद्रासला उतरला, तो काही हौसेने नव्हे.

जवळच ग्लेनडिनिंगला, मेंढपाळाच्या घरी, १७५७ साली थॉमस टेलफर्ड जन्मला. बाप काही महिन्यांतच वारला. पोर गवंडीकामाला लागले आणि पुढे मेनाईचा झुलता पूल बांधणारा इंजिनीअर झाले. टेलफर्डला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले. बापाच्या थडग्याचा त्याने स्वतः घडवलेला दगड मात्र वेस्टरकर्कच्या चर्चच्या आवारात आहे.

ग्लेनडिनिंगलाच १७९३च्या सुमारास अँटिमनीची खाण चालू झाली. आपण डोळ्यांत घालतो तो सुरमा म्हणजे मुळात याच धातूचे खनिज. छापखान्यातले शिशाचे खिळे टणक व्हावेत म्हणून त्यांत मिसळतात तोही हाच धातू. तिथल्या खाणकामगारांसाठी वाचनालय निघाले. खाण काही वर्षांतच थंडावली. पुस्तके राहिली. टेलफर्ड १८३४ साली वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने या वाचनालयाला हजार पौंड ठेवले होते. सॅम्युएल स्माइल्सने त्याच्या चरित्रात नोंदले आहे की, पुस्तके महिन्यातून एकदा, पौर्णिमेला बदलून मिळत. शेतकरी, मेंढपाळ, मजूर, त्यांची मुले लांबलांबून येत आणि महिनाभराची शिदोरी घेऊन जात. पौर्णिमाच का, हे डोंगरवाटेने रात्री घरी परतलेल्याला सांगावे लागत नाही.

एकाच मातीतून एक तलवारीचा आणि एक पुस्तकांचा, अशी वाटणी करण्याचा मोह इथे होतो. मला ती मान्य नाही. टेलफर्डचा आश्रयदाता विल्यम पुल्टनी हा मूळचा याच पॅरिशमधल्या वेस्टरहॉलच्या जॉन्स्टन घराण्यातला. खाणही त्याच घराण्याची. विल्यमचा भाऊ जॉन प्लासीनंतरच्या बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत गडगंज झाला. उलट माल्कमने इराणचा इतिहास लिहिला, माळव्यावर दोन खंड लिहिले. माळव्याच्या अभ्यासकाला ते आजही टाळता येत नाहीत.

माल्कमचा शंभर फुटी स्तंभ लँगहोमजवळच्या व्हिटा टेकडीवर १८३५ साली उभा राहिला. त्याने तनखा ठरवून दिलेला बाजीराव त्यानंतरही सोळा वर्षे बिठूरला जगला.