पाणी जमिनीचे, की माणसाचे?

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी तापत ठेवले, की माझ्या आईला हटकून १९७२ चा दुष्काळ आठवतो. ती तेव्हा सतरा वर्षांची. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि सांजेला घागरभर पाण्यासाठी कोसभर चालायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशी सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

"आभाळाने सगळ्यांना सारखेच मारले," असे लोक म्हणतात. आई म्हणते, "सारखे कुठले? ज्यांच्या विहिरीला पाणी होते, त्यांची मुले शाळेत गेली. आम्ही खडीवर गेलो." इतकी वर्षे इतिहास शिकवतो आहे, पण हे इतके नेमके मला क्रमिक पुस्तकात सापडले नाही.

त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनियर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले. नायगावच्या देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवले. ही झाली इंजिनियराची करामत. खरे धाडस पुढेच आहे. या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने ठरवले, की पाणी वाटायचे ते शेताच्या मापाने नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येने : माणशी अर्ध्या एकराचे, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून जास्त नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही!

वाचकहो, उसाचे नाव निघताच बागायतदाराच्या कपाळाला आठी पडायचीच. आमच्याही घरी आता विहीर आहे, वीस गुंठे ऊस होता. ती आठी मी आरशात पाहिली आहे.

आज पृथ्वी तापते आहे. पाऊस महिनाभर दडी मारतो आणि एका रात्रीत सारा हिशेब चुकता करतो. त्यावर बंधारे हवेत, शेततळी हवीत, हे खरेच. पण अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न सिमेंटने बुजत नाही. तो माणसांनी एकत्र बसूनच सोडवावा लागतो, आणि ज्याच्याकडे विहीर आहे त्याने आधी बोलावे लागते.

यंदा आम्ही उसाची लागण केली नाही, हरभरा पेरला. शेजारच्या भूमिहीन घराचा भाजीचा वाफा आमच्याच पाटावर भिजतो. आई काही बोलली नाही. आज पहाटे मात्र ऊन पाण्याची पहिली कळशी तिने त्या घरी पाठवली.