अक्कलकोटचे भोसले

सोलापूरच्या नवी पेठेतील खरेदी उरकून स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी अक्कलकोटची वाट धरणारे भाविक पुष्कळ. परंतु ज्या संस्थानात स्वामी सुमारे दोन दशके राहिले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ झाले, त्याच्या राजघराण्याचा पूर्ववृत्तांत त्यांपैकी थोड्यांनाच अवगत असतो.

मोगलांच्या कैदेतून सुटून १७०७ मध्ये स्वराज्याकडे येणाऱ्या शिवछत्रपतींच्या नातवाला, शाहू महाराजांना, पारद येथील पाटील सयाजी लोखंडे याने वाटेत प्रतिकार केला आणि त्या झुंजीत तो पडला, तेव्हा त्याच्या पत्नीने आपले लहानगे मूल, राणोजी, महाराजांच्या पालखीत आणून घातले. महाराजांनी त्याला अभय दिले, भोसले हे आपले उपनाम दिले, आणि परतीच्या प्रवासातील पहिल्या विजयाचे स्मरण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. जन्मदात्याच्या पराभवाची आठवण नावातच वागवणाऱ्या या मुलाचा महाराजांच्या अंतःपुरातील वीरूबाईंनी पुत्रवत् सांभाळ केला. पुढे नागपूरकर रघूजी भोसल्यांसह कर्नाटकच्या स्वारीवर जाऊन १७४१ मध्ये त्रिचनापल्ली हस्तगत करणाऱ्या सरदारांत त्याची गणना झाली आणि अक्कलकोटची जहागीर त्याच्या वंशात स्थिरावली.

जर्मनीतील रॉइस या चिमुकल्या संस्थानाच्या राजघराण्यात प्रत्येक पुत्राचे नाव हाइनरिख ठेवण्याची चाल होती. अक्कलकोटच्या गादीवरही दीड शतकाहून अधिक काळ शहाजी, मालोजी आणि फत्तेसिंह हीच नावे आलटूनपालटून आली. त्यांतील पहिली दोन शिवछत्रपतींच्या पित्याची आणि पितामहाची, तिसरे मूळ पुरुषाचे; दत्तक घराण्याने आपले ऋण असे पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले.

पेशवाईच्या अस्तानंतर १८२० च्या तहाने हे संस्थान साताऱ्याच्या छत्रपतींच्या आधिपत्याखाली राहिले, आणि सातारा खालसा होताच थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. चाकरीस स्वारांची तुकडी देण्याऐवजी वार्षिक नक्त रक्कम सरकारात भरण्याची वहिवाट पुढे पडली. याच काळातील दुसरे मालोजीराजे स्वामींचे भक्त होते. अखेर ८ मार्च १९४८ रोजी, विजयसिंहराजांच्या कारकिर्दीत, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

महाराष्ट्रातील बहुतेक राजघराणी तलवारीने उभी राहिली. या घराण्याचा पाया मात्र एका विधवेच्या धैर्यावर आणि शत्रूचे मूल आपले म्हणून वाढवणाऱ्या राजाच्या औदार्यावर रचला गेला, आणि तेच त्याचे खरे मोठेपण होय. या घराण्याची ओळख व्हावी म्हणून अक्कलकोटास जाणाऱ्या प्रत्येकाने स्वामींचे दर्शन घेतल्यावर राजवाड्यातील शस्त्रागारही आवर्जून पाहून यावे.