पांढरा गेंडा

पांढरा गेंडा : सस्तन वर्गाच्या विषमखुरी गणातील ऱ्हिनोसेरॉटिडी कुलातील आफ्रिकी प्राणी. याचे शास्त्रीय नाव सेराटोथेरियम सायमम असे असून विद्यमान पाच गेंडाजातींत हा आकाराने सर्वांत मोठा आहे. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गवैज्ञानिकाने १८१७ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. या जातीच्या दक्षिणी व उत्तरी अशा दोन उपजाती सामान्यतः मानल्या जातात. दोहोंची शरीररचना व सवयी जवळजवळ सारख्याच आहेत. परंतु त्यांचा इतिहास परस्परविरुद्ध दिशांनी घडला.

नाव ‘पांढरा’ असले, तरी याचा वर्ण धूसर असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २,००० किग्रॅ.हून अधिक भरते. मानेवर वशिंडासारखा उंचवटा असतो. वरचा ओठ रुंद व सपाट असल्यामुळे जमिनीलगतचे आखूड गवत त्याला सहज खुडता येते. गवत, पाणी, चिखलात लोळण्यास डबकी आणि सावलीपुरती झाडे असलेली सपाट माळराने हे त्याचे निवासस्थान होय. दृष्टी मंद, पण घ्राणेंद्रिय व श्रवणेंद्रिय तीक्ष्ण असतात. प्रौढ नर आपापले क्षेत्र राखतो व ठराविक जागी शेणाचे ढीग करून ते दर्शवितो. माद्या व पिले लहान कळपांनी राहतात. गर्भावधी सु. १६ महिन्यांचा असून एका वेळी एकच पिलू होते. दोन वेतांत दोन ते तीन वर्षांचे अंतर असते. त्यामुळे एकदा घटलेली संख्या भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

दक्षिणी उपजाती पूर्वी झँबीझी नदीच्या दक्षिणेस विपुल होती. उघड्या माळावर कळपाने चरणारा हा शांत प्राणी बंदुकीला सहज बळी पडे. एकोणिसाव्या शतकात यूरोपीय शिकारी व वसाहतकारांनी मांस, कातडी व शिंगे यांसाठी त्याची बेसुमार हत्या केली. शतकाच्या अखेरीस तो नष्ट झाला, असाच समज होता. परंतु झूलूलँडमधील काळी व पांढरी उम्फोलोझी या नद्यांच्या दुआबात थोडे गेंडे शिल्लक असल्याचे आढळले. तेथील त्सेत्से माशीमुळे गुरांना नागाना हा रोग होई, म्हणून त्या भागात गुरे पाळणाऱ्यांची वस्ती वाढली नव्हती. १८९५ मध्ये हा प्रदेश राखीव घोषित झाला. पुढील सहा दशकांत तेथील गेंडे इतके वाढले की, चराई अपुरी पडू लागली. १९६१ पासून इअन प्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंगीच्या औषधाचे बाण मारून गेंडे पकडण्याची व अन्यत्र हलविण्याची मोहीम चालविली. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून नामशेष झालेला हा प्राणी अशा रीतीने तेथे पुन्हा आला. २०१२ च्या सुमारास दक्षिणी उपजातीची संख्या २०,००० च्या वर गेली होती.

उत्तरी उपजातीचे शास्त्रीय वर्णन १९०८ मध्ये, म्हणजे दक्षिणी उपजाती नामशेष होण्याच्या टोकाला जाऊन आल्यानंतर, झाले. युगांडा, चॅड, सूदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक व काँगो या देशांच्या भागांत ती पसरली होती. १९६० च्या सुमारास तिची संख्या २,००० हून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दक्षिणी गेंड्यांपेक्षा जास्त, होती. मात्र पुढे या देशांत यादवी युद्धे झाली, स्वयंचलित शस्त्रे सर्वत्र पसरली व संरक्षणव्यवस्था कोलमडली. येमेनमध्ये खंजिरांच्या मुठींसाठी आणि पूर्व आशियात औषधांसाठी शिंगांना मोठी किंमत येई. वस्तुतः शिंग हे नखांप्रमाणेच केराटिनाचे बनलेले असते. १९८४ मध्ये काँगोतील गारांबा राष्ट्रीय उद्यानात केवळ १५ गेंडे उरले. संरक्षणामुळे ही संख्या दुपटीपर्यंत वाढली. पण पुन्हा उसळलेल्या युद्धांत तीही संपली.

डिसेंबर २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ड्व्हूर क्रालोव्हे प्राणिसंग्रहालयातून दोन नर व दोन माद्या केन्यातील ओल पेजेटा येथे नेण्यात आल्या. तथापि त्यांना पिले झाली नाहीत. ‘सूदान’ हा अखेरचा नर १९ मार्च २०१८ रोजी मरण पावला. त्यानंतर नाजिन व तिची मुलगी फातू या दोनच माद्या उरल्या. फातूची अंडी व मृत नरांचे गोठविलेले रेत यांपासून भ्रूण तयार करून ते दक्षिणी मादीच्या गर्भाशयात वाढविण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

उम्फोलोझीत उरलेल्या थोड्या गेंड्यांपासून एक उपजाती सावरली, तर दोन हजारांची दुसरी एका पिढीच्या आयुष्यात लयास गेली. यावरून प्राण्याच्या मूळ संख्येपेक्षा संरक्षणाचे सातत्य अधिक निर्णायक ठरते, असे दिसते. दक्षिणी उपजातीही निर्धास्त नाही : दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकारीत मारले गेलेले गेंडे २००७ मध्ये १३ होते, तर २०१४ मध्ये १,२१५. २०२१ च्या अखेरीस दक्षिणी गेंड्यांची संख्या १६,००० च्या खाली आली होती.