खडकीची लढाई आणि मराठ्यांचे अश्वधन

खडकीच्या लढाईचा (५ नोव्हेंबर १८१७) विचार आजवर बहुधा सेनानी, तह आणि फितुरी यांच्या अनुरोधाने झाला आहे. ज्या प्राण्याच्या बळावर मराठ्यांनी आपला राज्यविस्तार केला, त्या घोड्याचे त्या दिवशीचे स्थान मात्र उपेक्षित राहिले. घोडा हे केवळ युद्धाचे साधन नव्हते; त्याच्या मालकीभोवती एक समाजव्यवस्था उभी होती. त्या व्यवस्थेच्या दृष्टीने या लढाईचा एक पैलू तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

लढाईचा मुख्य प्रसंग खडकी व गणेशखिंड यांमधील सपाटीवर घडला. इंग्रजांची एक पलटण पेशव्यांकडील पिंटोच्या पायदळावर चालून जाताना आपल्या रांगेपुढे गेली. ही संधी साधून बापू गोखल्यांनी सुमारे ६,००० निवडक स्वार तिच्यावर घातले. परंतु इंग्रजांच्या डाव्या बगलेसमोर खोल दलदल होती. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे तिची कल्पना दोन्ही पक्षांस नव्हती. भरधाव आलेले पुढचे घोडे तीत कोसळले, मागचे त्यांच्यावर आदळले आणि गोळीबाराने उरलेले मागे फिरले. जरीपटक्याबरोबर असलेले मोरो दीक्षित पडले. खुद्द गोखल्यांचा घोडा जखमी झाला. इंग्रजांची हानी अवघी ८६, तर मराठ्यांची सुमारे ५०० झाली.

दलदलीने एक हल्ला मोडला, हे खरे. परंतु सैन्याचा फार मोठा भाग त्या दिवशी निकराने भिडलाच नाही, त्याचे काय? येथे बारगीर व शिलेदार हा भेद लक्षात घ्यावा लागतो. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. शिवकाली पागेस महत्त्व होते. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी व एक नालबंद अशी व्यवस्था सभासदाने नोंदविली आहे. चिपळूणकडील छावणीस पाठविलेल्या पत्रात, दाणावैरण बेताने वापरावी, नाही तर पावसाळ्यात घोडी मरतील व लोक रयतेस उपद्रव देतील, असे बजावले आहे. घोड्याची निगा आणि रयतेचे रक्षण हा तेथे एकच प्रश्न होता.

पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे भांडवल. घोडा मेला की चाकरी गेली आणि घरावर कर्ज आले. अशा माणसाने तोफांच्या तोंडी घोडा घालताना हात राखला, तर त्यास निव्वळ भेकडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लूट, पाठलाग आणि रसद तोडणे यांत जी पद्धत लाभाची ठरली, तीच शिस्तबद्ध पायदळाशी समोरासमोर गाठ पडताच अंगावर आली. अर्थात हे अनुमान आहे, आणि बाजीरावाची चलबिचल व सरदारांची उदासीनता ही कारणे त्यामुळे रद्द होत नाहीत. शिलेदारी पद्धत मात्र इंग्रजांनीही आपल्या हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली, यावरून ती केवळ मराठ्यांचा दोष नव्हती, हे स्पष्ट होते.

पेशवाई बुडाल्यावर गावोगावच्या पागा मोडल्या. शिलेदाराच्या दारचा घोडा गेला. त्याची भाषा राहिली. निरुपयोगी माणसांच्या गर्दीस आपण खोगीरभरती म्हणतो आणि काम थांबले की घोडे कुठे अडले, असे विचारतो. खंडोबाचा घोडा देव्हाऱ्यात राहिला. वारीच्या रिंगणात अश्व धावत राहिले. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरसाल खडकीच्या रस्त्यानेच पुण्यात येते. तिच्याबरोबरच्या अश्वांपैकी एकावर स्वार नसतो. तो देवाचा मानतात, आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. ज्या परिसरात घोड्याचे राजकीय सामर्थ्य संपले, तेथेच त्याची पूज्यता टिकली आहे. सत्ता व उपजीविका यांपासून सुटलेला प्राणी संस्कृतीत कोणत्या रूपाने शिल्लक राहतो, हा प्रश्न अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे.