नवा संगणक, जुन्या किल्ल्या : पासवर्डचा साठा हलवताना

गोव्यातील वेर्णा आणि मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातील पीथमपूर यांच्यात सुमारे हजार किलोमीटरचे अंतर आहे. औषधनिर्मितीच्या नकाशावर मात्र ही दोन गावे शेजारी म्हणावीत अशी आहेत. सिप्ला आणि ल्युपिन या दोन्ही कंपन्यांचे कारखाने दोन्हीकडे आहेत. पवारांच्या धार आणि देवास संस्थानांमुळे त्या मुलखात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. अशा ठिकाणी बदली होऊन जाणारा माणूस घरसामान बांधतो, गॅसची जोडणी हस्तांतरित करतो, मुलांचे शाळेचे दाखले काढतो. बँक, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, आधार आणि विमा यांचे शंभरएक पासवर्ड मात्र जुन्या संगणकातच असतात आणि त्यांची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते.

संगणक बदलण्यासाठी बदलीच व्हावी लागते असेही नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ ला जुने प्रोसेसर चालत नाहीत. त्यामुळे कुंडईतील छोटा कारखानदार असो वा पीथमपुरात वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारा वर्कशॉपमालक असो, हिशेबाच्या टेबलावरचे चालू स्थितीतले यंत्र बदलण्याची वेळ अनेकांवर आली आहे. जीएसटी आणि ई-वे बिलाचे सारे पासवर्ड त्या एकाच यंत्रात असतील, तर एका चुकीच्या स्थलांतराने गाडी भरून उभी आणि बिल निघत नाही, अशी अवस्था होऊ शकते.

येथे एक भेद आधीच लक्षात घेतला पाहिजे. पासवर्डचा साठा म्हणजे कुलूपबंद पेटी. बॅकअप घेतल्याने पेटीची प्रत मिळते, किल्ली मिळतेच असे नाही. किल्ली कधी डोक्यात असते, कधी वेगळ्या फाइलमध्ये, तर कधी मालकाच्या नकळत जुन्या यंत्रातच रुतलेली असते. स्थलांतर फसते ते बहुधा या तिसऱ्या प्रकारात.

ब्राउझरचे उदाहरण घेऊ. विंडोजवरील क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड त्या यंत्रावरील विंडोज खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात. म्हणून क्रोमचा संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकात ठेवला, तर वाचनखुणा दिसतील, पण पासवर्ड उघडणार नाहीत. तेथे गुगल खात्याद्वारे समक्रमण किंवा रीतसर निर्यात हेच मार्ग आहेत. फायरफॉक्सची रचना निराळी आहे. त्यात लॉगिन्स डॉट जेसन आणि की-फोर डॉट डीबी अशा दोन फाइली जोडीने लागतात. पहिलीत पासवर्ड, दुसरीत ते उघडण्याची किल्ली. एकच नेली तर ती निरुपयोगी ठरते. दोन्ही नेल्या आणि मुख्य पासवर्ड लावलेलाच नसेल, तर तो पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला सारे खुले.

स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरांपैकी कीपास हा सर्वांत जुन्या आणि विनामूल्य पर्यायांतील एक. डोमिनिक राइश्ल यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा सगळा साठा केडीबीएक्स या एकाच कूटबद्ध फाइलमध्ये राहतो. ती फाइल उचलावी, नव्या संगणकावर ठेवावी, मुख्य पासवर्ड द्यावा, काम झाले. जुने पासवर्ड आणि जोडलेली कागदपत्रेही तिच्यातच येतात. निर्यात करण्याची गरजच नसते. मात्र साठा तयार करताना कीपास दोन जादा कुलुपे देऊ करतो. त्यांपैकी एक आहे किल्ली-फाइल. ती साठ्याच्या फाइलपासून वेगळी ठेवायची असते, म्हणून बॅकअपमध्येही ती वेगळ्याच जागी असते आणि नेमकी विसरली जाते. दुसरे कुलूप अधिक धोक्याचे आहे. त्याचे नाव विंडोज वापरकर्ता खाते. हा पर्याय कोणी सहज खूण करून निवडला असेल, तर साठा त्या यंत्रावरील त्या खात्यालाच बांधला जातो. नव्या संगणकावर तेच नाव, तोच पासवर्ड देऊन खाते उघडले तरी उपयोग होत नाही, कारण विंडोज खात्याची ओळख नावावर ठरत नाही. जुने यंत्र चालू असेतोवर कीपासमध्ये मुख्य किल्ली बदलून हा पर्याय काढून टाकणे हा सोपा उपाय आहे. यंत्राची डिस्क पुसल्यावर मात्र हाती फक्त न उघडणारी फाइल उरते. त्यात कंपनी मदत करू शकत नाही, कारण कंपनीच नाही.

मेघसाठ्यावर चालणाऱ्या सेवांत स्थलांतर वरकरणी अगदी सोपे दिसते, नव्या संगणकावर लॉगिन केले की झाले. तरीही तेथे कागदाचा एक तुकडा लागू शकतो. वनपासवर्डमध्ये मुख्य पासवर्डाखेरीज ३४ अक्षरांची गुप्त किल्ली असते. ती आधी वापरलेल्या यंत्रांत जपलेली असल्याने रोज विचारली जात नाही. पहिल्या दिवशी छापून ठेवायला सांगितलेला आणीबाणीचा कागद त्यासाठीच असतो. बिटवॉर्डनमधून बॅकअपसाठी कूटबद्ध निर्यात करता येते, पण तिचे दोन प्रकार आहेत. खात्यापुरती मर्यादित फाइल फक्त त्याच खात्यात परत उघडते. ते खाते बंद झाले किंवा त्याची कूटकिल्ली बदलली, तर फाइल व्यर्थ. स्वतंत्र पासवर्ड लावलेली फाइल दुसऱ्या बिटवॉर्डन खात्यातही आयात होते. बॅकअप म्हणून ठेवायची तर हीच ठेवावी. साध्या जेसन निर्यातीत जोडलेली कागदपत्रे येत नाहीत, ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात.

एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जाताना शेवटी सीएसव्ही फाइलच हाती येते. ती सर्वांना वाचता येते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. एक्सेलमध्ये ती उघडली की बँकेचा पासवर्ड साध्या अक्षरांत समोर असतो. ही फाइल स्वतःला ईमेल करणे किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून नव्या संगणकावर घेणे हा सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. डेस्कटॉपवर ठेवली तरी वनड्राइव्ह ती परस्पर इंटरनेटवर चढवू शकतो. ती पेनड्राइव्हवरून न्यावी, आयात होताच दोन्हीकडून पुसावी, रिसायकल बिनसुद्धा रिकामा करावा आणि पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करावा.

काही गोष्टी कोणत्याच बॅकअपमध्ये पूर्णपणे येत नाहीत. गुगल ऑथेंटिकेटरमधले सहा आकडी संकेत वेगळे हलवावे लागतात. त्यासाठी ॲप जो क्यूआर दाखवते त्याचे छायाचित्र म्हणजे त्या सर्व खात्यांची गुपितेच, ते गॅलरीत राहू देऊ नये. पासकी सीएसव्हीत उतरत नाही. विंडोज हॅलोमध्ये तयार केलेली पासकी तर सामान्यतः त्या यंत्राच्या चिपशीच जोडलेली असते. जुने यंत्र हाताबाहेर जाण्याआधी त्या त्या संकेतस्थळावर नवी पासकी तयार करावी. व्यावसायिकांची डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन नव्या संगणकाला लावता येते, पण त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठी लागणारे एमसायनर हे सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते. राज्य सोडून जाणाऱ्याने गोव्यातील सिमकार्डही चालू ठेवावे. पासवर्ड बरोबर असला तरी ओटीपी त्याच जुन्या क्रमांकावर येतो.

एखादी सेवाच आवरती घेतली जाते, हाही अनुभव ताजा आहे. मायक्रोसॉफ्टने ऑथेंटिकेटर ॲपमधील पासवर्ड भरण्याची सोय जुलै २०२५ मध्ये थांबवली आणि ऑगस्टपासून तेथील साठवलेले पासवर्ड त्या ॲपमध्ये दिसेनासे झाले. ज्यांनी सूचना वाचल्या नव्हत्या त्यांच्यासाठी ते एज ब्राउझरमध्ये शोधण्याची पाळी आली. दुसरीकडे बॅकअप स्वतःच चोरीला जाऊ शकतो. २०२२ मध्ये लास्टपासच्या मेघसाठ्यातून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रती चोरल्या गेल्याचे कंपनीने त्या वर्षीच्या डिसेंबरात जाहीर केले. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. अशा प्रतीवर चोर सवडीने अंदाज लावत बसू शकतो. त्या वेळी मुख्य पासवर्डाची लांबी हेच संरक्षण उरते. राखीव प्रत म्हणून ठेवलेल्या पेनड्राइव्हलाही हेच लागू आहे.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी जुन्या संगणकावर बॅकअप घ्यावा. मग नव्या संगणकावर, शक्यतो इंटरनेट तोडून, तो उघडून पाहावा. एकूण नोंदींची संख्या जुळते का ते तपासावे. दोन-चार संकेतस्थळांवर प्रत्यक्ष लॉगिन करावे, त्यांत एक तरी असे असावे की ज्याच्या पासवर्डात देवनागरी किंवा अवतरणचिन्हासारखी विशेष अक्षरे आहेत. सीएसव्हीत तीच बिघडतात. कार्यक्रम मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा, कारण कीपासच्या नावाने बनावट इन्स्टॉलर पसरवले गेले आहेत.

जुने यंत्र लगेच विकू नये. महिनाभर ते बाजूला राहू द्यावे. प्राप्तिकराचे खाते वर्षातून एकदा आणि विम्याचे नूतनीकरण तितकेच क्वचित उघडले जाते, त्यामुळे राहून गेलेली नोंद पहिल्या आठवड्यात कळत नाही. डिस्कवर बिटलॉकर असेल आणि यंत्र मध्येच बंद पडले, तर डिस्क दुसरीकडे लावताना ४८ आकडी पुनर्प्राप्ती किल्ली विचारली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याच बंद डिस्कवर असू शकतो. एवढा एक पासवर्ड, साठ्याचा मुख्य पासवर्ड आणि किल्ली-फाइल कोठे आहे याची नोंद कागदावर लिहून घरातील कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवावी आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला ती जागा सांगून ठेवावी.